बालब्रह्मचाऱ्याची बायको

गेल्या महिन्यात उजेड पंथाची दोन माणसं माझ्याकडे येऊन गेली. एक पंथाच्या ट्रस्टवर असलेला केळीचा व्यापारी, आणि दुसरी एक तरुण बाई, जिने आल्या आल्या माझ्या स्टुलावर तीन पायांचा स्टँड मांडून त्यावर मोबाइल चढवला. पंथाचे संस्थापक उजेडनाथ महाराज यांच्या चरित्राची नवी आवृत्ती निघणार आहे, आणि सोबत व्हिडिओ. मोबाइलवर कुणीतरी महाराजांच्या पूर्वायुष्याबद्दल शंका काढल्या आहेत, त्या खोडून काढायच्या आहेत, आणि तेव्हाच्या माणसांपैकी बुऱ्हाणपुरात आता मीच उरले आहे, असं त्यांचं म्हणणं. "काकू, बस इतिहासाला धरून बोला," बाई म्हणाली. इतिहासाला धरून म्हणजे कसं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "मतलब, चरित्रात आहे तसं." चिवडा दोघांनीही दोनदा मागून घेतला. मी त्यांना जे सांगितलं ते दोन वाक्यांत संपलं आणि दोघं खूश होऊन गेले. त्या दोन वाक्यांमागचं मात्र कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं. आता हरकत नाही. माझी तापी आत्या गेली, तिच्या आधी तिचे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं. हे वाचून दुखेल असं कुणी राहिलेलं नाही. झोंबेल असे पुष्कळ आहेत, त्यांना झोंबू दे.

आमचं घर विणकरांच्या मोहल्ल्याला लागून होतं. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि भिंतीपलीकडे लूम, म्हणजे विजेवरचे माग. सकाळपासून ते खटखट चालू झाले की घरात साधं "चहा झाला का" हेसुद्धा ओरडून विचारावं लागे, आणि शुक्रवारी लूम बंद असले की आम्ही सगळे उगीचच एकमेकांवर ओरडत असल्यासारखे वाटायचो. वीज गेली तरी तेच. लूम एका क्षणात थांबत आणि ज्याच्या तोंडात जे वाक्य असेल ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. आमच्या आईने त्या पायी शेजारणीबद्दल बोलणंच सोडून दिलं होतं. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ही सवय कधी लागली नाही. ते हायस्कुलात इतिहास शिकवत. शहरातली कुठली भिंत कुठल्या सुभेदाराने बांधली यावर ते पानाच्या ठेल्यावरसुद्धा हमरीतुमरीवर येत, आणि वर्गात सनावळी चुकणाऱ्याच्या हातावर छडी बसे. खऱ्याची एवढी चाड असलेला माणूस घरी काय करत होता, ते पुढे येईलच.

तापी आत्या नानांची धाकटी बहीण. घरातला स्वयंपाक तिचा. हिवाळ्यात वांगी भाजून केलेलं भरीत आणि पुऱ्या, एरवी कळण्याची भाकरी, फुणके आणि कढी, आणि उन्हाळ्यात आमरसाबरोबर मांडे. मांडे करणं हे येरागबाळ्याचं काम नाही. चुलीवर मातीचं खापर उलटं घालायचं, कणकेचा गोळा हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि एका झटक्यात खापरावर टाकायचा. आत्याच्या हातावर मांडा असला की तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा घरचा नियम होता. ती बुटकी, सावळी, रुंद मनगटांची होती, आणि हसायची ती आवाज न करता, नुसते खांदे हलवून.

आणि ती उजेडनाथ महाराजांची लग्नाची बायको होती.

महाराजांचं पाळण्यातलं नाव सुपडू. गाव दापोऱ्याकडचं, नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथे अजून आमची भाऊबंदकी नांदते आहे. आमच्या तापीकाठी एखाद्या बाईची मुलं जगत नसली की पुढचं मूल जन्मल्याबरोबर सुपात घालतात, ते सूप अंगणातून ओढतात आणि पोराचं नाव सुपडू ठेवतात. म्हणजे एवढ्या टाकाऊ पोराकडे मरणाने बघू नये. कुठल्याही खेड्यात जाऊन सुपडू म्हणून हाक मारा, दोघं-तिघं वळून बघतील. नानांचा सख्खा चुलतभाऊ सुपडू होता. तर केळीच्या बागा असलेल्या घरातल्या या सुपडूशी आत्याचं लग्न झालं तेव्हा मांडव आमच्या गावाकडच्या घराच्या दारात पडला होता, वडील नसल्यामुळे कन्यादान नानांनी आणि आईने केलं होतं, आणि मी तेव्हा कडेवर होते. सुपडूचा गळा गोड होता. बागेला पाणी द्यायच्या पाळीला तो भजन म्हणत बांधावर बसून राही आणि पाणी शेजाऱ्याच्या बागेत जाई. दोन उन्हाळे त्यांचा संसार झाला. मग एकदा केळीचे घड भरलेल्या ट्रकवर बसून तो स्टेशनावर गेला आणि परत आलाच नाही. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नानांनी बहिणीला रीतीप्रमाणे माहेरी आणलं. आखाजीच्या सणाला आलेल्या लेकीला सासरहून न्यायला येतात. आत्याला न्यायला कुणी आलं नाही.

बऱ्याच वर्षांनी तो आला तेव्हा त्याच्यामागे मोटारी होत्या. दाढी, जटा, आणि मौन. नदीपलीकडे जैनाबादच्या अंगाला तापीकाठी आश्रम उभा राहिला. महाराज बोलत नसत, काही सांगायचं असलं तर पाटीवर लिहीत. नाना त्यांना जाब विचारायला गेले आणि पंथाचे चिटणीस होऊन परत आले. यात काय घडलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि कळून घ्यावं इतकी त्याची लायकीही नाही. एक हार, एक खुर्ची आणि शहरातले मोठे लोक "गुरुजी" म्हणून हात जोडायला लागले, एवढ्यावर माझा बाप विकला गेला. आत्या एकदाच दर्शनाला गेली. रांगेत उभी राहिली, प्रसाद घेतला, घरी आली आणि पदर खोचत आईला म्हणाली, "वजन वाढलं त्याचं."

तिची खरी अडचण बाहेरच्या लोकांना समजावून सांगायला कठीण आहे. नवरा जिवंत, म्हणून ती विधवा नव्हती. नवरा नांदवत नाही, म्हणून सवाष्णही धड नव्हती. चैत्रात हळदीकुंकवाला ती आईबरोबर गेली की घरधनीण कुंकवात बुडवलेलं बोट घेऊन आत्यासमोर येई आणि ते बोट हवेत थांबे. मग ती आईकडे बघे, आई नजरेनेच "लाव" म्हणे, आणि मग ते घाईघाईने कुठेतरी भुवईच्या वर टेकवलं जाई. घरी येऊन आत्या ते पदराने पुसून पुन्हा मधोमध लावी. मी सतरा-अठरा वर्षांची होईपर्यंत ते थांबलेलं बोट इतक्यांदा पाहिलं होतं की अजूनही कुंकवाचा करंडा दिसला की मला ते आधी आठवतं.

आणि यात आणखी एक माणूस होता. गल्लीच्या तोंडाशी मधुकरराव राहत, स्टेशनावर पार्सलबाबू. केळी भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी त्यांच्या हातून सुटत. बायको वारलेली, जेवण खानावळीत. आई त्यांना कधीमधी भरीत पाठवी. डबा परत यायचा तेव्हा रिकामा नसे, कधी लिंबं, कधी मुठभर हिरव्या मिरच्या. पुढे पुढे डबा आई भरीनाशी झाली, आत्या भरू लागली. मधुकरराव फार बोलत नसत पण जे बोलत ते समोरून. एकदा डबा घेऊन स्वतःच आले आणि आईसमोर आत्याला म्हणाले, "तापीबाई, तुमचा काडीमोड झालेला असता तर मी विचारलं असतं." आत्या म्हणाली, "ज्याच्यापासून घ्यावा तो बोलत नाही." ही थट्टा नव्हती. आमच्या समाजात काडीमोड पंचांसमोर होई, नवऱ्याने काडी मोडून टाकायची. पंचांकडे आई गुपचूप जाऊन आली होती. पंच म्हणाले, देवापासून काडीमोड कसा मागायचा? ते सगळे आता दर गुरुवारी जैनाबादला जात. कोर्टात जावं तर ओळखीचा वकील एकच, आणि तो पंथाचा अध्यक्ष. म्हणजे ज्याला सोडायचं तो देव झाला होता आणि ज्याने धरावं तो माणूस रिकामा डबा भरून परत देत होता.

अशात पंथाने महाराजांचं अधिकृत चरित्र छापायचं ठरवलं, आणि ते छापण्याआधी महाराजांच्या पूर्वायुष्याची इतिहासाच्या कसोटीवर चर्चा व्हावी असा नानांचाच आग्रह. दर रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत बैठक बसे. बैठक म्हणजे तीन माणसं. नाना लिहायला. वकीलसाहेब अध्यक्ष म्हणून, जाडजूड, अत्तराचा वास, हिंदीत सुरू होऊन मराठीत संपणारी वाक्यं. आणि बाहेरून बोलावलेले एक प्राध्यापक, लोकधर्माचे अभ्यासक, ज्यांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि शाल पंथाकडे. आमच्या स्वयंपाकघराचं दार बैठकीच्या खोलीत उघडत असे, त्यामुळे ही सगळी विद्वत्ता मी पुऱ्या लाटता लाटता ऐकली आहे.

पहिला रविवार सुपात गेला. वकीलसाहेबांच्या मसुद्यात महाराज म्हणजे तापीच्या पुरात सोन्याच्या सुपातून वाहत आलेलं बाळ होतं. प्राध्यापकांनी हरकत घेतली. सोन्याचं सूप बुडेल, म्हणाले. वकीलसाहेब म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, महाराज आहेत, बुडतील कसे?" यावर दोन तास. प्राध्यापकांचं मत असं की सूप आणि नदी हा फार प्राचीन आदिबंध आहे, जगभर सापडतो, आणि त्याचा अर्थ गर्भाशयाशी लावायला हवा. नाना, ज्यांच्या चुलत्याच्या अंगणात तसंच सूप ओढलं गेलं होतं, मान डोलावत हे टिपून घेत होते. आत्या कढईपाशी बसून खांदे हलवत होती. शेवटी तडजोड झाली. सूप सोन्याचं नाही, बांबूचंही नाही, "तेजस्वी" असं लिहायचं. मी खूप माणसं खोटं बोलताना पाहिली आहेत. पण खोटं किती तोळ्यांचं असावं यावर घासाघीस करणारी मी तेवढीच पाहिली.

ज्यांच्याबद्दल हे चालू होतं ते पुलापलीकडे, सायकलने गेलं तर चहा उकळायच्या आत पोचता येईल इतक्या अंतरावर, हयात बसलेले होते. एकदा प्राध्यापकांना तेही सुचलं. "महाराजांनाच विचारलं तर? पाटीवर लिहितात ना ते?" खोलीत जणू कुणी पादलं असावं तसे दोघं इकडेतिकडे बघू लागले. मग वकीलसाहेब म्हणाले, "पाटीवर सिर्फ उपदेश. स्वतःविषयी ते लिहीत नाहीत." प्राध्यापकांनी ते फार मोलाचं निरीक्षण म्हणून लिहून घेतलं.

दुसऱ्या रविवारी विषय निघाला तो लग्नाचा. वकीलसाहेबांनी सांगितलं, "बालब्रह्मचारी लिहा. सब जानते हैं." प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले की येताना इच्छापूरला देवीच्या दर्शनाला थांबलो होतो, तिथे चहाच्या टपरीवर वेगळंच ऐकलं. महाराजांचं लग्न झालेलं होतं आणि ती बाई इकडेच बुऱ्हाणपुरात कुठेतरी आहे म्हणतात. लूम चालू होते, त्यामुळे हे त्यांनी चांगलंच मोठ्याने सांगितलं. "गुरुजी, तुम्ही त्याच बाजूचे. तुम्हाला काही माहिती?" आत्या तेव्हा पाण्याचे पेले घेऊन बैठकीत गेली होती. नाना तिच्याकडे न बघता, लुमांच्या वरताण आवाज काढून म्हणाले, "माझ्या माहितीत असं कोणतंही लग्न झालेलं नाही." आणि "माझ्या" म्हणता म्हणता वीज गेली. बाकीचं वाक्य त्यांनी साऱ्या मोहल्ल्याला ऐकवलं. पलीकडचे कारागीर हात थांबवून ऐकत असणार. आत्याने पेले खाली ठेवले, एकही थेंब न सांडता, आणि स्वयंपाकघरात येऊन लसूण सोलायला बसली. माझी आई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी नानांना गाठलं. ते दाढी करत होते. मी म्हटलं, नाना, कन्यादान तुम्ही केलं होतं. त्यांनी आरशातूनच उत्तर दिलं, "शकू, काय घडलं त्याला इतिहास म्हणत नाहीत. काय टिकलं त्याला म्हणतात." हे वाक्य त्यांना स्वतःला फार आवडलं असावं, कारण पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनातही त्यांनी ते म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. माझ्या मनातून त्या सकाळी ते उतरले ते उतरलेच. मी त्यांची शेवटपर्यंत सेवा केली, औषधं दिली, पाय चेपले. पण परत वर चढवता आलं नाही.

तिसऱ्या रविवारी ठराव पक्का होऊन सह्या व्हायच्या होत्या. आखाजी तोंडावर होती, आंबे आले होते, म्हणून वकीलसाहेबांनी मांड्यांची फर्माईश केली होती. खापर तापलं होतं. आत्याच्या दोन्ही हातांवर मांडा पसरलेला, आणि बाहेर वकीलसाहेब वाचून दाखवत होते. सखोल ऐतिहासिक चर्चेअंती समितीचं असं एकमत झालं आहे की महाराज आजन्म बालब्रह्मचारी असून त्यांचा कोणत्याही स्त्रीशी विवाह झालेला नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लाटणं टाकून उठले. बाहेर जाऊन काय बोलणार होते ते मला ठाऊक नव्हतं, पण एकाचीही लाज ठेवणार नव्हते. आत्याने मांडा खापरावर टाकला आणि मांडा हातावर असताना बोलायचं नाही हा घरचा नियम स्वतःच मोडत, पुढचा गोळा हातावर घेत घेतच म्हणाली, "बस खाली."

"आत्या, ते काय लिहू राहिले ऐकतेस न तू?"

"ऐकू राहिली. लिहू दे. शाई सुकू दे."

मी बसले. ती शेवटच्या मांड्यापर्यंत उठली नाही. मग हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला, कपाळावरचं कुंकू बोटाने चाचपलं आणि बैठकीच्या दारात जाऊन उभी राहिली. आई आणि मी तिच्या मागे.

"भाऊ, लिहून झालं?"

नाना म्हणाले, "झालं. पानं घे वाढायला."

"सह्या?"

"झाल्या."

"मग आता माझं लगीन लावून द्या."

लूम चालूच होते, पण तिने ते अगदी सावकाश आणि मोठ्याने म्हटलं, ऐकू आलं नाही असं म्हणायची कुणाला सोय नव्हती. वकीलसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "मगर तापीबाई, आपका तो—" आणि तिथेच थांबले.

"माझं तर काय?" आत्या म्हणाली. "बोला न वकीलसाहेब. माझं लगीन झालेलं आहे? कोणाशी?"

वकीलसाहेबांनी नानांकडे पाहिलं. नानांनी कागदाकडे. प्राध्यापकांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांना सगळं कळलं हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. त्या एका क्षणी ते काहीतरी बोलले असते तर मी आज त्यांच्याबद्दल वेगळं लिहिलं असतं. त्यांनी शाल नीट घडी करून पिशवीत ठेवली.

"एवढी मोठी कुवार बहीण घरात ठेवली तुम्ही, भाऊ," आत्या म्हणाली. "तुमच्याच पोथीत त्याचं पाप लिहिलेलं आहे. मधुकररावाले मी विचारलं. त्याची तयारी आहे."

"समाज काय म्हणेल?" वकीलसाहेबांनी कशीबशी वाट काढली.

"समाजाले तुमचा कागद दाखवा. तुमच्या सह्या आहेत न त्याच्यावर."

नाना म्हणाले, "तापी, आत जा." त्यांचा आवाज इतका बारीक होता की लुमांत अर्धा बुडाला.

"जाते. मांडे थंडे होऊ राहिले. तारीख काढत बसू नका. आखाजीले मुहूर्त पाहावा लागत नाही."

आणि त्यांनी मांडे खाल्ले. हे मला आजही सगळ्यात जास्त आठवतं. तिघांनीही मान खाली घालून आमरसाबरोबर मांडे खाल्ले आणि वकीलसाहेबांनी परत मागून घेतले. चिडून ताटावरून उठण्याइतकंही पाणी एकातही नव्हतं. त्यांना आता दोनच वाटा होत्या. लग्नाला हरकत घ्यायची तर महाराजांचं लग्न झालं होतं असं म्हणावं लागणार, नाहीतर गुमान अक्षता टाकायच्या. पंचांचंही तेच. दोन दिवसांत गल्लीतल्या सगळ्यांना समजलं होतं, सगळे तोंड दाबून हसत होते, आणि एकालाही "हे होऊ शकत नाही" असं म्हणता येत नव्हतं, कारण का होऊ शकत नाही ते सांगण्याची सोय त्यांनीच मिटवून ठेवली होती.

लग्नाच्या अक्षता द्यायला आत्या मला घेऊन जैनाबादला गेली. मी म्हटलं, तिथे कशाला? ती म्हणाली, "भाऊचे गुरू आहेत. रीत आहे." रांगेत आम्ही उभ्या राहिलो. महाराज गादीवर बसलेले, शेजारी पाटी. आत्याने कुंकू लावलेल्या अक्षता त्यांच्या पायाशी ठेवल्या, नमस्कार केला नाही, आणि म्हणाली, "घरी लगीन आहे. यावं." त्यांनी तिला ओळखलं. ओळखलं हे मी शपथेवर सांगेन, कारण त्यांनी आधी तिच्या हातांकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. पाटी ओढून लिहिलं, "कुणाचे?"

"माझं."

मला वाटलं होतं तो माणूस निदान शरमेल. शरम नव्हती. त्या सुजट, तेलकट चेहऱ्यावर सुटका आली, उधारी फिटल्यासारखी सरळ सुटका. त्याने पाटी स्वतःच्या तळहाताने पुसली, "कल्याणमस्तु" लिहिलं आणि पुढच्या भक्ताकडे वळला. इतकी वर्षं बाईला लटकत ठेवणारं ते मौन, आणि मोडायला एवढंच लागत होतं. हे त्याला कुठल्याही दिवशी करता आलं असतं.

परत येताना पुलावर आत्या थांबली. खाली तापी आटलेली, धोब्यांचे कपडे वाळूवर पसरलेले. "अक्षर सुधारलं त्याचं," ती म्हणाली, आणि मी हसायला लागले तर बघते तो ती रडत होती. कठड्याला धरून, तोंड नदीकडे करून. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. पदराने नाक पुसत ती म्हणाली, "ते दोन उन्हाळे चांगला होता गं तो. हे कोणी लिहिणार नाही." मी लिहीन, असं मी तेव्हा म्हटलं होतं. म्हणून लिहिते आहे. ते दोन उन्हाळे तो चांगला होता.

आखाजीला लग्न झालं. नानांनी कन्यादान केलं, त्याच बहिणीचं, कुमारिका म्हणून, दुसऱ्यांदा. हातावर पाणी सोडताना त्यांनी मान वर केली नाही आणि मला त्यांची कीव आली नाही. वकीलसाहेब अक्षता टाकायला पहिल्या रांगेत होते. आले नसते तर लोकांनी कारण विचारलं असतं. जेवणावळीला स्टेशनावरचे हमाल झाडून आले होते आणि त्यांनी मधुकररावांना खांद्यावर घेतलं, ते संकोचून "खाली ठेवा रे" म्हणत राहिले. जी बाई आखाजीला आली होती आणि जिला कुणी न्यायला आलं नव्हतं, तिला आखाजीला न्यायला आले. पुढच्या चैत्रात शेजारच्या घरी हळदीकुंकू होतं. मी मुद्दाम आत्याच्या बाजूला उभी राहिले. घरधनीण बोट कुंकवात बुडवून आली आणि तिने ते सरळ आत्याच्या कपाळावर मधोमध टेकवलं. आईकडे पाहिलं नाही. आत्याने घरी येऊन ते पुसलं नाही.

मधुकरराव आणि आत्या बरीच वर्षं एकत्र राहिली. भांडायची, डबे भरायची, संध्याकाळी स्टेशनावरच्या बाकावर जाऊन बसायची. महाराजांच्या समाधीला आता संगमरवर लागला आहे. चरित्राच्या प्रत्येक आवृत्तीत सूप तेजस्वी आहे आणि महाराज बालब्रह्मचारी आहेत. नानांचं नाव मलपृष्ठावर संशोधक म्हणून छापतात.

तर गेल्या महिन्यात ती बाई मोबाइलचं बटण दाबून म्हणाली, "काकू, सांगा न. महाराज खरंच बालब्रह्मचारी होते? एकदम पक्कं?" मी पदर सारखा केला आणि मोबाइलकडे बघून म्हटलं, "एकदम पक्कं, बाई. त्या पुराव्यावर आमच्या घरातली एक मुलगी उजवली आहे."